नाण्यावरचा उलटा 'एस'

आमच्याकडे तपासायला येणाऱ्या रोमन नाण्यांपैकी बहुतेकांचा निकाल कडेवरच लागतो. नाणं ओतीव असलं की कडेला सांधा दिसतो, किंवा तो कानशीने घासल्याचे ओरखडे. वर अक्षरं बोथट, खोलगट भागात हवेच्या बुडबुड्यांचे खड्डे. अशी नाणी फार वेळ खात नाहीत. परवाच्या डिनेरियसने, म्हणजे रोमन चांदीच्या नाण्याने, मात्र अजून पिच्छा सोडलेला नाही.

लातूरकडचे एक निवृत्त शिक्षक ते घेऊन आले. आजीच्या गळ्यातलं, कडी कधीच तुटलेली, कडेवर झारणाचा, म्हणजे कडी जोडलेल्या डाकेचा, डाग तेवढा उरलेला. दोघांनी आधीच 'खोटं' म्हणून सांगितलं होतं. एका सराफाने मशीनचा कागद दिला होता: चांदी कमी, तांबं जास्त. मला राग आला तो या कागदाचा. हे मशीन एक्सआरएफचं, क्ष-किरणांनी धातूंचं प्रमाण मोजणारं; त्याचा किरण धातूच्या वरच्या थरापलीकडे जात नाही आणि इथे तो नेमका झारणावर मारलेला. झारणात तांबं येणारच! मशीनमध्ये वस्तू ठेवायची आणि आकडा वाचून दाखवायचा, याला तपासणी म्हणत नाहीत. मी दुसऱ्या बाजूला मोजलं, पाण्यातही तोललं. हवेत ३.४२ ग्रॅम, पाण्यात घट ०.३३, म्हणजे विशिष्ट गुरुत्व १०.३६. शुद्ध चांदीचं १०.४९ असतं. चांदी चांगलीच होती.

दुसऱ्या व्यापाऱ्याचं म्हणणं वेगळं होतं: अक्षरं चुकीची आहेत. त्यात तथ्य होतं.

नाणं रोमन बादशहा ऑगस्टसच्या गायस-ल्युशियस प्रकारचं. हा प्रकार इ.स.पू. २ पासून लुग्दुनुमच्या, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या लियाँच्या टांकसाळीत पडला आणि भारतात ढिगाने आला. मागच्या बाजूला बादशहाचे दोन दत्तक नातू, गायस आणि ल्युशियस, उभे, मध्ये ढाली आणि भाले, वर पुजाऱ्याची पळी आणि आकडीची काठी. अस्सल नाण्याचं वजन बहुधा ३.७ ग्रॅमच्या आगेमागे भरतं; हे झारणासकट कमी. नातवांचे हात काड्यांसारखे. पळीची नुसती गाठ झालेली. लेख 'सीझर'पर्यंत कसाबसा वाचता येतो, त्यातही 'एस' उलटा. पुढे नुसत्या उभ्या रेघा आणि गोल.

पण आजचा बनावटखोर अक्षरं चुकवत नाही. त्याच्यापुढे खरं नाणं असतं, तो त्यावरूनच साचा घेतो. 'एस' उलटा कोरतो तो लॅटिन न येणारा कारागीर, अक्षरांकडे नक्षी म्हणून पाहणारा. तेवढ्यावर मात्र भागत नाही, कारण जुन्या नकलेचीही आज नक्कल होऊ शकते. म्हणून दुपारभर भिंगाखाली बसले. अक्षरांच्या पायथ्यापासून कडेकडे धातू सरकल्याच्या बारीक रेषा होत्या. त्या घणाच्या ठोक्यानेच येतात, ओतकामात येत नाहीत. ठोक्याने कडेला फाटलेली एक चीर होती. तिच्यात आतपर्यंत घट्ट बसलेला काळा थर होता, सुईने न निघणारा, आणि चिरेचे ओठ वापराने झिजलेले. पुढच्या बाजूला बादशहाच्या गालावर छिन्नीचा जुना घाव होता आणि त्या घावातही तोच थर. इथे आलेल्या रोमन नाण्यांवर असे घाव नवे नाहीत. १८९८ साली पुदुकोट्टईला सापडलेल्या ५०१ सुवर्णनाण्यांपैकी बहुतेकांचे चेहरे छिन्नीने छेदलेले आहेत.

माझं मत ठरलं: हे दोनेक हजार वर्षांपूर्वी इथेच, भारतात घडवलेलं नाणं आहे. रोमन चांदीला इथे मान होता, म्हणून कुणीतरी तसंच पाडलं, तेही चांगल्या चांदीत.

अहवालाच्या छापील नमुन्यात चौकोन दोनच: अस्सल, बनावट. मी दोन्ही कोरे ठेवले आणि खाली लिहिलं, 'रोमन डिनेरियसची प्राचीन भारतीय नक्कल, ठोकीव, चांदी.' गुरुजींनी वाचून विचारलं, "म्हणजे मॅडम, खोटंच ना?" मी समजावलं, की रोमन नसलं तरी हे आपल्याकडच्या कुणा अनामिक कारागिराच्या हातचं आहे आणि माझ्या लेखी त्यामुळे जास्त मोलाचं आहे. त्यांचा चेहरा काही खुलला नाही. बाजारात लोकांना बादशहा हवा असतो, हे मला रोज दिसतं.

निघता निघता ते म्हणाले, आजीचं माहेर तेरजवळचं. मी त्यांना पुन्हा बसवलं. तेर म्हणजे प्राचीन तगर, सातवाहनकाळातली मोठी पेठ. रोमन नाण्यांवरून केलेले मातीचे ठसे तिथे मिळालेले आहेत. हे नाणं तिथल्याच शेतात निघालं असेल तर गोष्टच वेगळी. पण आजीला ते कुणी दिलं, कुठून आलं, हे घरात कुणी विचारलंच नाही. सहकारी म्हणतो, 'तेर परिसर, संभाव्य' असं लिहून टाक. मी लिहिलेलं नाही. माहेर तिथलं म्हणून नाणंही तिथलंच, असं कसं म्हणायचं?

त्यांची एक आत्या अजून आहेत, त्यांना विचारतो म्हणाले. तोवर नाण्याला चिंच किंवा टूथपेस्ट लावू नका, चिरेतला काळा थर जपा, एवढं मी दोनदा बजावून सांगितलं.