चौदा नंबरची स्लाइड

जुलैचा पाऊस, गाड्या अर्धा तास लेट, आणि मी परळच्या लॅबमध्ये सकाळपासून मायक्रोस्कोपला चिकटलेली. काम गवती चहाच्या तेलाचं. त्यातला मुख्य घटक सिट्राल. प्रश्न एवढाच की तेल पोटात गेलं तर गुणसूत्रं तुटतात का.

उंदरांना कॉर्न ऑइलमध्ये मिसळून दोन दिवस तोंडावाटे डोस दिला होता. शेवटच्या डोसनंतर चोवीस तासांच्या आत मांडीच्या हाडातली मज्जा काढून स्लाइड केल्या. तांबडी पेशी तयार होताना आपलं केंद्रक बाहेर फेकते. गुणसूत्राचा तुटका तुकडा असेल तर तो मात्र आतच राहतो, गोल ठिपक्यासारखा. तोच मायक्रोन्यूक्लियस. एका उंदरामागे 4000 तरुण पेशी मोजायच्या. 2014 च्या सुधारणेआधी ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या 474 नंबरच्या चाचणी-पद्धतीत 2000 वर भागायचं. आमच्या माना 2014 नंतरच्या.

स्लाइडवर फक्त नंबर, कुठल्या उंदराला काय दिलं ते मॅडमच्या कपाटात. चौदा नंबरवर मात्र काउंटर खटाखट वाजायला लागला. एरवी हजारी दोन-तीन दिसतात, इथे नऊ, दहा. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. इतक्या दिवसांत काहीतरी ‘सापडलं’ होतं. मी उठून मॅडमना बोलावलं.

त्यांनी डोळा लावला, फाइन फोकस जरा पुढे-मागे केला. “अगं, पेशी अस्पष्ट झाली तरी हा ठिपका लख्खच आहे. वर बसलाय, आत नाही. जिम्साचा रंग गाळला होतास?”

नव्हता. आदल्या संध्याकाळी घाई होती, फिल्टर पेपर संपला होता, दुकान बंद. रंगाचे कण पेशींवर बसले होते.

प्रत्येक उंदराची एकेक कोरी स्लाइड ठेवलेली होती म्हणून वाचले. चौदाची ती जोडीदार आम्ही अॅक्रिडीन ऑरेंजने रंगवली. त्यात डीएनए हिरवट-पिवळा चमकतो, तरुण पेशी आरएनएमुळे केशरी. रंगाचा कचरा तसा चमकत नाही. अंधाऱ्या खोलीत 4000 पेशींत सात मिळाले.

मॅडमनी कपाट उघडून कोड पाहिला. चौदा नंबरला तेल दिलंच नव्हतं, नुसतं कॉर्न ऑइल.

आधीच्या तेरा स्लाइडही त्याच बाटलीतल्या रंगाच्या. म्हणजे 52,000 पेशी परत. मी घरी फोन करून सांगितलं, जेवायला थांबू नका.