सोळा तासांची रात्र

मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर साधारण १२,५०० किलोमीटर. शेजारच्या काकूंना आकडा सांगितला, तर म्हणाल्या, "सांगलीच्या हिशेबात सांग." सांगली-मुंबई पावणेचारशे धरलं, तर तेहतीस खेपा. "अगं बाई!" म्हणत त्यांनी पाय वर घेतले.

डिसेंबरातलं थेट विमान, रात्री दीडचं. काकू लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या, सामानात डिंकाचे लाडू. विमान सुटल्यावर तासाभरात जेवण आलं, ते त्यांनी परत पाठवलं. रात्री अडीचला कोण जेवतं? (मी जेवले. पनीर रबरासारखं होतं, तरीही.) खिडकी माझी, म्हणून मला बजावलं, "उजाडलं की सांग हं. थायरॉईडची गोळी असते, उपाशीपोटी." हो म्हणाले आणि ढाराढूर झोपले.

जाग आली तेव्हा काकू ताठ बसलेल्या. मुठीत गोळीची डबी, समोर पाण्याचा पेला. मधे सँडविच येऊन गेलं, तेही नको म्हणाल्या होत्या. "उजाडलं नाही ना अजून?"

खिडकीची झडप वर केली. बाहेर मिट्ट काळोख. काकूंच्या मनगटावर पावणेबारा वाजलेले, दुपारचे! समोरच्या पडद्यावर आम्ही अटलांटिकवर होतो.

मला फार ओशाळल्यासारखं झालं. खरं तर मला ठाऊक असायला हवं होतं. मुंबईच्या अक्षांशावर पृथ्वी ताशी १,५८० किलोमीटरच्या आसपास वेगाने फिरते, पण ६० अंश उत्तरेला तोच वेग ८३५ वर येतो, म्हणजे जवळपास विमानाइतका. जितकं उत्तरेकडून पश्चिमेला जावं, तितकी रात्र सोबत येते. सोळा तास उडून न्यूयॉर्कच्या घड्याळात उतरायचं सकाळी सातला. घड्याळाच्या लेखी साडेपाच तास, पोटाच्या लेखी पूर्ण सोळा.

"काकू, सांगलीत उजाडून पाच तास होत आले. घ्या गोळी."

"पण इथं अंधार आहे की."

"गोळीला कुठं कळतंय?"

त्यावर हसल्या आणि गोळी घेतली. अर्ध्या तासाने मी हवाईसुंदरीकडे खायला मागितलं. न्याहारीला वेळ आहे म्हणाली, पण बिस्किटं आणून दिली. काकूंनी त्यातलं एक मला दिलं.

नंतरचे तास कसे गेले आठवत नाही. विमान खाली यायला लागलं तेव्हा डावीकडे, माझ्या खिडकीत, तांबूस रेघ उमटली. "काकू, उजाडलं!"

त्यांनी वाकून पाहिलं, हात जोडले. मी म्हटलं, घड्याळ द्या, साडेदहा तास मागे करून देते.

"राहू दे गं," मनगटावर हात ठेवत म्हणाल्या. "यांच्या बीपीच्या गोळीची आठवण मलाच करून द्यायची असते. सांगलीत किती वाजले, ते कळायला नको?"