एका नावामागे अनेक फंक्शनं: पायथनच्या सिंगलडिस्पॅचचा माझा अनुभव

नागपूरच्या कळमना बाजारातल्या संत्र्याच्या आवकेच्या एक्सेल शीट पांडासमधून (पायथनची तक्ते हाताळणारी लायब्ररी) वाचून सगळी वजनं क्विंटलमध्ये आणायची होती. वजनाच्या रकान्यात कुठे नुसता आकडा, म्हणजे किलो. कुठे ‘१२ क्विंटल’ असा मजकूर. कुठे काहीच नाही. एका फंक्शनात इफची माळ लावण्यापेक्षा पायथनच्या फंकटूल्स मॉड्यूलमधलं सिंगलडिस्पॅच घेतलं: हाक एकाच नावाने मारायची, आणि दिलेल्या मूल्याचा प्रकार (टाइप) बघून ते त्या प्रकारासाठी नोंदवलेलं फंक्शन चालवतं. पायथन ३.४ पासून ते आहे, ३.७ पासून टाइप हिंट, म्हणजे आर्ग्युमेंटपुढे लिहिलेला प्रकार, वाचूनच नोंद करतं.

मूळ फंक्शनचं नाव ‘क्विंटल’. पायथन ३ मध्ये देवनागरी नाव चालतं. त्याच्या आत फक्त टाइपएरर उठवला. अनोळखी प्रकाराला तिथून शून्य परत दिलं, तर महिन्याची बेरीज चुकते आणि कुणाला पत्ताही लागत नाही. एकेका प्रकारासाठीच्या बाकीच्या फंक्शनांवर ‘@क्विंटल.रजिस्टर’ हा डेकोरेटर लावून त्यांची नोंद केली. त्या फंक्शनांना पुन्हा ‘क्विंटल’ म्हणू नका, नाहीतर त्या नावावर साधं फंक्शन बसतं आणि पुढच्या रजिस्टरला अॅट्रिब्यूटएरर येतो.

सगळ्यात जास्त वेळ आकड्यांनी खाल्ला. इंटची (पूर्णांकाची) नोंद असूनही, ज्या शीटमध्ये रकाना निव्वळ पूर्णांकांचा होता तिथे पांडासच्या आयलॉकने काढलेला आकडा टाइपएररमध्ये पडत होता, कारण तो पांडासच्या पोटातल्या नमपाय लायब्ररीचा इंट६४ असतो आणि तो इंटचा वारस (सबक्लास) नाही. फ्लोट६४ मात्र फ्लोटचा वारस आहे, त्यामुळे दशांशाचे आकडे सुरळीत जात होते आणि शोध भलतीकडेच चालला होता. उपाय म्हणजे इंटऐवजी नंबर्स मॉड्यूलमधला इंटीग्रल नोंदवायचा. पण बूलही इंटीग्रलच आहे, ट्रू म्हणजे एक किलो होऊन बसेल. म्हणून बूलची वेगळी नोंद करून तिथे एरर दिला. नोंदी कोणत्या क्रमाने केल्या याला महत्त्व नाही, सर्वांत जवळचा वर्ग जिंकतो.

रिकामा सेल पांडासमधून नॅन (NaN, ‘आकडा नाही’) होऊन येतो, आणि नॅन हा फ्लोट! None साठी (पायथनचं ‘काहीच नाही’) लिहिलेलं फंक्शन कधी चाललंच नाही. ती तपासणी फ्लोटच्या फंक्शनात मॅथ.इजनॅनने करावी लागली.

मजकुराचं काम सोपं निघालं. इंट आणि फ्लोट दोन्ही देवनागरी अंक थेट वाचतात, फक्त ‘क्विंटल’ हा शब्द आणि ‘१,२५०’ मधला स्वल्पविराम आधी काढायचा.

कोणतं फंक्शन निवडलं जातं ते ‘क्विंटल.डिस्पॅच’ला प्रकार देऊन बघता येतं. त्यासाठी नोंदवलेल्या सगळ्या फंक्शनांना नाव म्हणून नुसता अंडरस्कोर देण्याची पद्धत मी सोडली. ‘किलोवरून’, ‘मजकुरावरून’ अशी नावं दिली की उत्तर वाचता येतं. निवड मात्र पहिल्याच आर्ग्युमेंटवर होते, आणि ते नावानिशी पाठवलं तर कॉलच फसतो.