आमची वाटचाल : रिवायंडिंगच्या टेबलापासून हाय टॉर्क सेल्फपर्यंत

कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या शेडवर पाटी ऑटो इलेक्ट्रिकची असली, तरी सांगली-मिरजेतले मेकॅनिक आम्हाला ‘सेल्फवाले’ म्हणूनच ओळखतात. सेल्फ म्हणजे इंजिन सुरू करणारी स्टार्टर मोटर. सुरुवात वडिलांनी केली, एका रिवायंडिंगच्या (मोटरची जळलेली तार काढून नवी गुंडाळायच्या) टेबलावर. उसाचे ट्रॅक्टर, द्राक्षबागेतले छोटे ट्रॅक्टर, मार्केट यार्डात हळद आणणारे टेम्पो. मोटरला वीज पोचवणारे कार्बन बदलायचे, दांड्याचे बुश ठोकायचे, कार्बन घासतात तो कम्युटेटर लेथवर धरायचा. गळीत हंगाम सुरू झाला की रात्रीचा डबा शेडवरच.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची खूण ४५ ची. पाणी ओसरल्यावर सेल्फ पोत्यांतून यायला लागले. आर्मेचरमधला (मोटरच्या फिरत्या भागातला) गाळ धुवायचा, भट्टीत सुकवायचं, वीज गळते का ते बघायला मेगर लावायचा आणि मगच वार्निश. त्या कमाईतून टेस्ट बेंच घेतला. सेल्फवर लोड टाकला की अँपिअर, व्होल्ट आणि फेरे तिन्ही समोर दिसतात. मॉडिफाय केलेल्या इंजिनांची कामं आम्ही धरली ती या बेंचच्या जिवावर.

ही गिऱ्हाइकं वेगळी. पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन बसवलेलं, नाहीतर इंजिनचं हेड घासून कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबण्याचं प्रमाण) वाढवलेलं. आल्या आल्या म्हणणार, “मालक, मोठ्यातला मोठा सेल्फ द्या.” आम्ही आधी मल्टीमीटर काढतो. सेल्फ मारताना बॅटरीच्या टोकांवर ११ व्होल्ट आणि सेल्फच्या नटावर ९ दिसले, तर मधले दोन केबलनं आणि अर्थनं (बॅटरीकडे परत जाणाऱ्या जोडणीनं) खाल्ले. २०० अँपिअर ओढताना ओहमचा शंभरावा भागही तेवढे व्होल्ट खातो. अशा वेळी नवा सेल्फ विकणं म्हणजे आजार रेड्याला आणि औषध पखालीला. जाड केबल, इंजिनपासून थेट बॅटरीपर्यंत अर्थ, रंग खरवडून घट्ट केलेला नट. बरीच मंडळी एवढ्यावरच परत जातात. धंद्याला हे परवडतं का, असं वडील अजून विचारतात.

खरोखर गरज असेल तिथे आम्ही गिअर रिडक्शनचा सेल्फ सुचवतो. पेट्रोलचं कॉम्प्रेशन ८ ते १० ला १, जुन्या डिझेलचं २० ला १ च्या आसपास. पेट्रोलचा सेल्फ तिथे पहिल्याच दाबाला अडतो. रिडक्शनच्या सेल्फात मोटर लहान पण जोरात फिरणारी, आणि पिनियनच्या (इंजिन फिरवणाऱ्या छोट्या दातेरी चाकाच्या) आधी साधारण ४ ला १ चे गिअर. मोटरचे फेरे कमी होऊन पिनियनवर जोर वाढतो. अंगानं लहान असल्यानं तो सायलेन्सरच्या पाइपपासून लांबही राहतो, आणि हा फायदा लोक धरतच नाहीत. पाइपच्या धगीनं सेल्फमधलं तांबं १०० अंशांनी तापलं की त्याचा विजेला होणारा रोध ४० टक्क्यांच्या आसपास वाढतो. गार गाडी सेल्फ घेते आणि घाट चढून आल्यावर घेत नाही, त्याचं एक कारण हे.

डब्यावरचा किलोवॅटचा आकडा बघून मात्र निवडू नये. पॉवर म्हणजे जोर आणि फेरे दोन्ही मिळून; जाम इंजिन पहिल्यांदा हलवायला किती जोर लागेल ते त्यातून कळत नाही. आम्ही बेंचवर पिनियन अडवून क्षणभर टॉर्क (फिरवण्याचा जोर) मोजतो. मग पिनियनला निळा रंग लावून रिंग गिअरवर (इंजिनच्या फ्लायव्हीलवरच्या दातेरी कड्यावर) हातानं फिरवतो. दातांच्या टोकालाच ठसा आला तर शिम (पातळ पत्र्याची चकती) घालून किंवा काढून बसवायचं. ऑनलाइन मागवलेले बरेच सेल्फ इथेच नापास होतात: भोकं जुळतात, दात जुळत नाहीत. पेट्रोल इंजिनाचं टायमिंग फार ॲडव्हान्स असेल, म्हणजे ठिणगी वेळेआधीच पडत असेल, तर ते आधी दुरुस्त करून आणायला सांगतो. त्यानं इंजिनचा उलटा झटका बसला की सेल्फचं नाकाड (पिनियनकडचं पुढचं कवच) तुटतं, मग तो कितीही महागाचा असो.

इंजिन बदललेलं असेल तर आरटीओची नोंद आम्ही बघतोच. हल्ली साताऱ्याच्या एमएच ११ आणि कराडच्या एमएच ५० च्या गाड्याही येतात. येताना जुना सेल्फ सोबत आणावा, फुटका असला तरी चालेल, आणि रिंग गिअरचे दात मोजून आणले तर आमचा अर्धा दिवस वाचतो.