वासोटा एका दिवसात: बोट, पाचोळा आणि 'सगळं धरून'

कोयनेच्या जंगलातल्या वासोटा किल्ल्याची उंची चार हजार फुटांच्या आसपास आहे हे वाचून घाबरू नका. 'जंगलातून सोपी वाट, घरच्यांना घेऊन जा' असं कुठं वाचलं असेल तर त्यावर विश्वासही ठेवू नका. कोयना धरण तुडुंब असतं तेव्हा शिवसागराच्या, म्हणजे धरणाच्या जलाशयाच्या, पाण्याची पातळीच २१६० फुटांच्या आसपास असते, त्यामुळे बोटीतून उतरल्यावर चढायचे उरतात दोनेक हजार फूट. रोज सकाळी अजिंक्यतारा करणाऱ्या सातारकराला एवढं जमून जातं. अडचण वेळेची आहे. जलाशयाच्या काठच्या बामणोलीहून बोट सुटते कधी आणि संध्याकाळी तुम्हाला परत हवी कधी, यावर अख्खा दिवस टांगलेला असतो.

बोटीचं सविस्तर सांगतो, कारण आमचा सगळा वैताग तिथला आहे.

बोटीचं भाडं माणशी नसतं, अख्ख्या बोटीचं असतं. आम्ही सहा जण होतो. चुलतभावाला कोणीतरी एक नंबर दिला होता. फोनवरच्या माणसानं 'सगळं धरून' एक आकडा सांगितला, आगाऊ रक्कम घेतली आणि 'दादा, तुम्ही फक्त या, बाकी माझ्यावर सोडा' म्हणाला. आम्ही सोडलं. धक्क्यावर पोचल्यावर कळलं की त्या 'सगळ्या'त वनखात्याची प्रवेश फी नाही. गाडी लावायचे पैसे नाहीत. वाटाड्या नाही, आणि वाटाड्या घ्यावाच लागेल असं तोच सांगणार. वर ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त थांबलो तर त्याचे वेगळे, हेही तिथंच कळलं. शेवटी हातातून गेले ते फोनवरच्या आकड्याच्या जवळजवळ दीडपट. बोट चालवणारा पोरगा बिचारा सरळ होता, त्याला यातलं किती मिळालं देव जाणे.

तुम्ही मधल्या कोणाच्याही नादी लागू नका. थेट बोट क्लबच्या खिडकीवर जा, दरपत्रक वाचा, पावती घ्या आणि पैसे द्यायच्या आधी चार गोष्टी तोंडावर विचारा: हे भाडं येण्याजाण्याचं का, बोट पलीकडे किती वाजेपर्यंत थांबणार, उशीर झाला तर किती, आणि वनखात्याची फी यात आहे का. उत्तर 'बघू की' असं आलं तर दुसऱ्या बोटीकडे वळा. चार-सहा जणच असाल तर खिडकीपाशी उभ्या असलेल्या दुसऱ्या लहान गटाला विचारा आणि एक बोट वाटून घ्या. आमच्या डोळ्यांसमोर पुण्याच्या पोरांनी एका जोडप्याला बरोबर घेतलं आणि आमच्या निम्म्याहून कमी पैशात गेली. प्रत्येकाचं ओळखपत्र लागतं, एकाच्या आधारवर सगळ्यांचं भागत नाही.

साताऱ्याहून बामणोली ३५-४० किलोमीटर, यवतेश्वर-कास मार्गे. रस्ता छान आहे, कास छान आहे, ते सगळ्यांना माहीत आहे. फक्त फुलांच्या दिवसांत शनिवार-रविवारी या वाटेला लागू नका, पठारावरच्या गर्दीत तासभर जाईल आणि पहिली बोट हुकेल. एसटी आहे, पण एका दिवसात परत यायचं तर तिच्या भरवशावर राहू नये. पेट्रोल साताऱ्यातच भरा. पावसाळ्यात वासोटा बंद असतो. जायचे चांगले महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये कोयनेचं पाणी खाली जातं, मग बोट आत काठापर्यंत येत नाही आणि उन्हात भेगाळलेल्या गाळातून बरंच चालावं लागतं. जेवढं पाणी उतरतं तेवढा तुमचा चढ वाढतो, हा हिशोब कोणी सांगत नाही.

बोटीचा प्रवास तासाभराहून थोडा जास्त. पलीकडे मेट इंदवलीला उतरायचं. इथं पूर्वी गाव होतं, आता वनखात्याची चौकी आहे. हा सगळा भाग कोयना अभयारण्यात, म्हणजे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो. नावं लिहून घेतात, पिशव्या उघडायला लावतात आणि प्लास्टिकची प्रत्येक वस्तू मोजून अनामत रक्कम घेतात. बिस्किटाचा पुडा, चिप्स, पाण्याची बाटली, सगळं मोजलं जातं. आमची मोजणी वीस मिनिटं चालली, कारण एका मित्रानं किराणा दुकानच आणलं होतं. घरून डब्यात पोळीभाजी आणि स्टीलच्या बाटल्या आणल्यात तर पाच मिनिटांत सुटाल. इथं वाचलेली पंधरा मिनिटं संध्याकाळी लाखमोलाची ठरतात.

सुरुवातीची वाट सपाट आणि सावलीची. ओढ्याजवळ मारुती-गणपतीच्या मूर्ती आहेत. बाटल्या इथं भरून घ्या, पुढच्या चढावर पाणी मिळेल असं धरून चालू नका. आमचा वाटाड्या इथंच बसला. 'इथनं फुडं वाट सरळ हाय, साहेब. तुम्ही निवांत जाऊन या.' पैसे मात्र त्यानं गडापर्यंतचे घेतले होते. वाट मळलेली आहे आणि सुट्टीच्या दिवशी माणसं असतात, चुकायला जागा नाही. वाटाड्याचा आग्रह झाला तर 'वरपर्यंत येणार का' हे आधी कबूल करून घ्या, नाहीतर नको म्हणा.

ओढा ओलांडला की जंगलातली उभी चढण लागते ती संपता संपत नाही. चढताना फक्त दम लागतो. ती काय चीज आहे हे उतरताना कळतं. पानगळीनंतर या वाटेवर घोट्यापर्यंत पाचोळा साचतो, त्याखाली मुरूम आणि सुटे दगड. वरून काही दिसत नाही. पाय ठेवला की पाचोळ्यासकट सरकतो. आमच्यातला एक जण दोनदा आपटला, चुलतभाऊ शेवटी बसूनच उतरायला लागला. दृष्टिभय अजिबात नाही, दरी नाही, खरचटण्यापलीकडे काही होत नाही. पण गुडघ्यांची वाट लागते आणि वेळ जातो. आम्हाला चढायला लागला त्याहून फार कमी वेळ उतरायला लागला नाही. 'चढायला दोन, उतरायला एक' असं गणित मांडणाऱ्यांनी हा पाचोळा पाहिलेला नाही. बुटांचे तळवे झिजलेले असतील तर येऊ नका. एक काठी हातात असू द्या, तीही घरून आणलेली. अभयारण्यात फांद्या मोडायच्या नसतात.

चढणीच्या शेवटी नागेश्वरचा, म्हणजे गुहेतल्या महादेवाचा, फाटा येतो. बोटीनं येऊन त्याच दिवशी वासोटा आणि नागेश्वर दोन्ही करायचा बेत असेल तर माझं मत स्पष्ट आहे: नको. होतं, करणारे करतात, पण ते पहिल्या बोटीनं येऊन धावतात आणि काहीच बघत नाहीत. आमच्यातले दोघे 'पाऊण तासात येतो' म्हणून फाट्यावरून निघाले, कारण कुठंतरी तसं लिहिलेलं होतं. पाऊण तासानं ते निम्म्या वाटेवर होते. गुहेचं दर्शन न घेताच परतले आणि वर गड बघायलाही त्यांना वेळ उरला नाही. नागेश्वर करायचाच तर त्यासाठी वेगळा दिवस काढा किंवा कोकणातून चोरवणे गावाच्या बाजूनं चढा.

फाट्यानंतर झाडी विरळ होते, ऊन लागतं, पडक्या दरवाजातून आपण वर येतो. बिनछपराचा मारुती समोर. इथून बहुतेक लोक आधी माचीकडे जातात, फोटो काढत बसतात आणि मग घड्याळ बघून खाली पळतात. तसं करू नका. आधी बाबू कड्यावर जा.

बाबू कड्यासाठी मी वरच्या सगळ्या शिव्या मागे घ्यायला तयार आहे. समोर जुना वासोटा, मध्ये इंग्रजी यू अक्षरासारखी तुटलेली दरी, खाली कोकणात उतरणारं रान. हरिश्चंद्रगडचा कोकणकडा मी पाहिलाय, तरी इथं तोंडातून शब्द फुटेना. एप्रिल १८१८ मध्ये इंग्रजांनी समोरच्या त्या जुन्या वासोट्यावर तोफा चढवून हा गड घेतला. पुस्तकात वाचताना प्रश्न पडायचा की एवढ्या आडरानातला किल्ला पडलाच कसा. कड्यावर उभं राहिलं की अंतर डोळ्यांनी मोजता येतं आणि प्रश्न उरत नाही. त्या आधी दुसऱ्या बाजीराव पेशव्यानं सातारच्या छत्रपतींच्या कुटुंबाला इथं ठेवलं होतं. कड्याच्या टोकाला कठडा वगैरे काही नाही. सेल्फीवाल्यांना मागे ओढायला एक शहाणा माणूस गटात असू द्या.

गडावरून किती वाजता निघायचं हे चढायच्या आधीच ठरवा: बोटवाल्यानं दिलेली वेळ घ्या आणि त्यातून अडीच तास वजा करा. वर मुक्कामाला परवानगी नाही. अंधारात या जंगलात थांबायची हौसही नको, गवे आणि अस्वलं इथं राहतात. आम्ही धक्क्यावर पोचलो तेव्हा बोट होती, पोरगा इंजिन सुरू करून बसला होता.

चौकीवर परत सगळं प्लास्टिक मोजतात. आमचा एक रिकामा पुडा कमी भरला. मित्रानं सहा पिशव्या उलट्या केल्या तेव्हा तो स्वेटरच्या बाहीत सापडला. अनामत पूर्ण मिळाली, पण सुटे नसल्यानं तिथंही पाच मिनिटं गेली. पन्नास-शंभरच्या नोटा जवळ ठेवा. आणि बामणोलीत रात्री जेवायचं असेल तर सकाळी बोटीत बसायच्या आधीच किती ताटं ते सांगून जा. आम्ही सांगितलं नव्हतं असं नाही, ज्याला सांगितलं तो फोनवाला होता. जेवलो साताऱ्यात, रात्री साडेनऊला.