घोडं अडलं ते खुंटीपाशी

अब्बांच्या बिलबुकात एवढंच लिहिलेलं असायचं: ‘तंबोरा, जोडी 1’. गिऱ्हाईक मिरजेला यायचं. मीरासाहेबांच्या उरुसात हजेरी लावून दुकानात बसायचं आणि जवारी, म्हणजे तारेची गुंजणारी झणकार, कानानं पारखून वाद्य घेऊन जायचं. मी निर्यातीसाठी लागणारा सरकारी आयईसी नंबर काढला तेव्हा अब्बा म्हणाले, “तंबोरा पाठवायला नंबर कशाला?”

पुढं दुबई, लंडन, न्यू जर्सी अशा ऑर्डरी यायला लागल्या. एकेकच नग. सगळे जकातीची भीती घालायचे, आमचं घोडं मात्र अडलं ते खुंटीपाशी.

आमची सतार तुणीच्या लाकडाची, भोपळा मंगळवेढ्याकडचा. शिसवीच्या असतात त्या तारा पिळायच्या खुंट्या. 2 जानेवारी 2017 पासून ‘साइट्स’ या दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारानं शिसवीच्या सगळ्या जाती परवान्याखाली आणल्या. जंगलं तुटत होती ती मुख्यतः चीनमधल्या भारी फर्निचरपायी, आणि कागद मागितले गेले आमच्या खुंट्यांचे. लाकूड कुठून घेतलं, पावती आहे का, वजन किती? खुंट्या काढून तराजूत घालायचीही वेळ आली. गल्लीतले लोक हसायचे. मला काही हसू येत नव्हतं, त्या काळात दोन जुनी गिऱ्हाइकं तुटली. 26 नोव्हेंबर 2019 पासून तयार वाद्यांना सूट मिळाली. तीही आमच्यासारख्यांनी ओरड केली म्हणून नाही. पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रा आणि गिटारवाल्यांनी रेटा लावला, त्यात आमचं भागलं.

1 मे 2022 ला अमिरातींशी व्यापार करार लागू झाला. तिथली जकात मुळात 5 टक्के, म्हणजे तीस हजारांच्या तंबोऱ्यावर दीड हजार. कराराखाली ती वाचवायची तर माल भारतातच बनल्याचा दाखला हवा. एजंट म्हणाला, “तार जर्मनीची, मग वाद्य भारतीय कसं?” त्याला दुकानात आणून दांडी कोरताना दाखवली, तेव्हा कुठं त्यानं फॉर्म भरला. एका नगासाठी हा खटाटोप परवडत नाही, म्हणून गल्लीतले आम्ही तिघं एकत्र माल पाठवायला लागलो. एरवी आम्ही एकमेकांचं गिऱ्हाईक पळवणारे! त्या कराराचा आम्हाला झालेला खरा फायदा हाच.

2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पण त्याचं संरक्षण भारतापुरतं. बाहेर कुणी ‘मिरज’ नाव लावून विकलं, तर त्या देशात वेगळी नोंदणी असल्याशिवाय हात बांधलेलेच.

अमेरिकेत 800 डॉलरपर्यंतचं पार्सल जकातीशिवाय जायचं. आमचा निम्मा धंदा त्यावर. 2025 च्या 27 ऑगस्टला भारतीय मालावरचं जादा शुल्क 50 टक्क्यांवर गेलं, 29 तारखेला ती सवलतही संपली. टपालानं त्याआधीच तिकडची पार्सलं घेणं थांबवलं होतं. न्यू जर्सीत गाणं शिकवणाऱ्या एका ताईंचा लहान तंबोरा पॅक होऊन दुकानात पडला. अब्बा दर चार दिवसांनी पेटी उघडायचे, भोपळ्यावर हात फिरवायचे आणि परत बंद करायचे.

ऑक्टोबरच्या मध्यात टपाल सुरू झालं. ताईंचा फोन आला: “दादा, जे काही भरायचं ते मी भरते, पण जवारी तीच ठेवा.” अब्बांनी तारा चढवल्या, तारा टेकतात त्या घोडीवरचा सुताचा जीव, म्हणजे तारेखालचा दोरा, केसभर मागं सरकवला आणि फोन स्पीकरवर ठेवून षड्ज छेडला.