आज्जीचं सर्टिफिकेट

मी इंडियानातल्या एका स्टेट युनिव्हर्सिटीत इंटरनॅशनल ॲडमिशनला काम करते, आठ वर्षं झाली, आणि माझ्याकडे चीनच्या फायली असतात. आपली मंडळी भेटली की म्हणतात, चिनी पोरांचं बरंय, रोख भरून शिकतात, आपल्यासारखं घर तारण ठेवून लोन नाही. लोन फारसं काढत नाहीत हे खरंय, पण ती रोख कुठून येते ते फाईल उघडली की कळतं.

एप्रिल 2024 चा शेवटचा आठवडा. 1 मेपर्यंत पोरांनी एका कॉलेजात डिपॉझिट भरून सीट पक्की करायची असते, त्यामुळे ऑफिसात नुसती धावपळ. एक मुलगी होती हेनान प्रांतातल्या लुओयांगची. हेनान म्हणजे वर्षाला 13 लाखांवर पोरं गाओकाओला, म्हणजे चीनच्या कॉलेज प्रवेशपरीक्षेला, बसणारा प्रांत. त्या चरकातून सुटावी म्हणून आईबापांनी हिला हायस्कूललाच इंटरनॅशनल सेक्शनला घातलेलं, म्हणजे गाओकाओची तयारीच नाही, मागे फिरायचं म्हटलं तरी वाट नाही. एसएटी ही अमेरिकन प्रवेशपरीक्षासुद्धा हाँगकाँगला जाऊन दिलेली कारण मेनलँड चीनमध्ये चिनी मुलांसाठी सेंटरच नाही.

आय-20 साठी, म्हणजे व्हिसाकरता कॉलेज जो फॉर्म देतं त्यासाठी, पहिल्या वर्षाच्या खर्चाचा पुरावा लागतो. आमचा खर्च राहणं-जेवण धरून 58 हजार डॉलर्स, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण 4 लाख 20 हजार युआन. तिने बँकेची तीन सर्टिफिकेटं जोडलेली, प्रत्येकावर तो लाल गोल शिक्का. बाबांचे 2 लाख 20 हजार, आईचे दीड लाख, आणि तिसरं आईच्या आईचं, 60 हजार युआन, 31 ऑगस्टपर्यंत गोठवलेले. म्हणजे ते सर्टिफिकेट वापरात आहे तोवर आज्जीला त्या पैशाला हात लावता येणार नाही, आजारी पडली तरी. तिघांचे मिळून 4 लाख 30 हजार, अगदी काठावर. पण नियमाने फाईल कम्प्लिट, मी टिक करून मोकळी होऊ शकत होते.

त्यांनीच कॉल मागितला होता म्हणून राहिलं. आमच्याकडे रात्रीचे आठ, तिकडे सकाळचे आठ. आईबाबा शेजारी शेजारी बसलेले, इंग्रजी येत नाही, मधे मुलगी, दोन्हीकडचं तीच सांगणार. तिने विचारलं, मॅडम, दुसऱ्या वर्षापासून स्कॉलरशिप मिळते ना, एजंटने तसं सांगितलंय. मी म्हटलं नाही, परदेशी मुलांना आमच्याकडे तसं काही नाही, सरकारी मदतही मिळत नाही, उलट फी वाढू शकते. ती गप्प झाली. आई तिच्या तोंडाकडे बघतेय, काय म्हणाल्या, काय म्हणाल्या, आणि ही पोरगी ते वाक्य चिनीत बोलेचना. मला वाटतं अर्धा मिनिट गेला असेल, पण मला तो अजून आठवतो.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पुढच्या तीन वर्षांचे पैसे म्हणजे त्यांचा दुसरा फ्लॅट, विकायला काढलेला. 2021 पासून तिकडे घरांचा बाजार बसलाय, यांनी दोनदा किंमत उतरवली तरी गिऱ्हाईक नाही. आई म्हणाली पुढच्या वर्षी नक्की विकला जाईल. बाबांनी एकच विचारलं, ती काम करू शकेल का? कॅम्पसवर आठवड्याला 20 तास, मी सांगितलं, त्यात फार तर जेवणखाण निघेल.

तिला ओहायोतल्या एका छोट्या, मुख्यतः पदवीपर्यंतच शिकवणाऱ्या लिबरल आर्ट्स कॉलेजातही ॲडमिशन होती, स्कॉलरशिप वजा जाता वर्षाला 34 हजार डॉलर्स. पण एजंटने दाखवलेल्या यूएस न्यूजच्या कॉलेज-रँकिंगच्या यादीत आईला त्याचं नावच सापडलं नव्हतं, म्हणून तिच्या लेखी ते बोगस. अहो, लिबरल आर्ट्सची यादी वेगळी असते! मी स्क्रीन शेअर करून ती उघडली आणि नाव दाखवलं. बाबा पुढे वाकून वाचत होते.

आईला नावाचा सोस होता असं मला अजिबात म्हणायचं नाही. शांघायसारख्या शहरात परदेशातून शिकून आलेल्यांना हुकौ, म्हणजे तिथला रहिवासी असल्याची सरकारी नोंद, देताना जागतिक रँकिंग बघतात, आणि असली छोटी कॉलेजं त्या यादीत नसतातच. तिची भीती खरी होती. मी तेही सांगितलं आणि हेही सांगितलं की दुसऱ्या वर्षानंतर पैसे संपून परत गेलेली पोरं मी पाहिलीत, त्यांच्या हातात डिग्रीच नसते. आमच्याकडे चार वर्षांचे जवळपास 16 लाख 80 हजार युआन, ओहायोत 9 लाख 80 हजारच्या आसपास. बाबांनी दोन्ही आकडे कागदावर लिहून घेतले.

अमेरिकेत शिकणाऱ्या चिनी मुलांचा आकडा 2019-20 मधल्या 3,72,532 वरून 2023-24 मध्ये 2,77,398 वर आला, आमच्या ऑफिसला एकेक सीट हवी असते आणि मी त्याच ऑफिसचा पगार घेते. त्या रात्री झोप लागली नाही. माझ्या बाबांनी माझ्यासाठी कराडचं घर तारण ठेवलं होतं, तेव्हा समोरच्या खुर्चीतल्या कोणीच आम्हाला चारही वर्षांचा हिशोब मांडून दाखवला नव्हता.

30 एप्रिलला तिने आमची ॲडमिशन नाकारली. दोन दिवसांनी मेल आला, दोनच ओळींचा. ओहायोचं डिपॉझिट भरलं, आणि आता 34 हजारच दाखवायचेत तर आज्जीचं सर्टिफिकेट लागेल का, नसेल लागत तर आई आजच बँकेत जाऊन तिचे पैसे सोडवून आणेल.

मी हिशोब करून कळवलं, आईबाबांचे पुरतात, तरी त्या कॉलेजकडून एकदा लेखी घे आणि मग बँकेत जा.